‘कॅन्सरचे डॉक्टर’ म्हणजे नक्की कोणते? सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घराचा शोध

मी तीस वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. रक्त काढायचं, काचपट्टी रंगवायची, मशीनला नमुना लावायचा. निवृत्त झालो तरी गल्लीतली माणसं अजून रिपोर्टची पाकिटं घेऊन माझ्या ओट्यावर येतात. हे प्रकरण असंच ओट्यावर आलं आणि त्यात मीही एकदा चुकलो, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतो आहे. नावं कुणाचीच देत नाही. रुग्णाला मी अण्णा म्हणेन, गल्ली तेच म्हणते.

अण्णांचं वय ६१. चाळीस वर्षं यंत्रमागावर चादर आणि टॉवेल काढले. त्यांची बायको, अक्का, विड्या वळतात. धाकटी लेक युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघते. घरात तेलुगू, दारात मराठी. तंबाखू नाही, दारू नाही. साखर, बीपी काही नाही.

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज बघायला दरवर्षीप्रमाणे उभे राहिले आणि अर्ध्या तासात कंबर धरून खाली बसले. फेब्रुवारीत हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रेत कमरेच्या वरचा एक मणका चेपलेला दिसला. ‘वय झालं, हाडं ठिसूळ झालीत, मागावर उभं राहून झिजलीत.’ कॅल्शियम, पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाची कंबर दुखते, यात कुणाला काय वावगं वाटणार?

मार्चमध्ये रिपोर्ट माझ्याकडे आला. हिमोग्लोबिन ८.१, म्हणजे रक्त बरंच कमी; ईएसआर, म्हणजे शरीरात कुठेतरी दाह असल्याची खूण, १३२. मी म्हणालो, ईएसआर एवढा म्हणजे क्षयाचा संशय घ्या, मणक्याचाही क्षय असतो. सल्ला अगदीच वेडगळ नव्हता, पण त्याच कागदावर एमसीव्ही ९२ लिहिलेलं होतं, म्हणजे तांबड्या पेशी नेहमीच्याच आकाराच्या. लोह कमी पडून रक्त उतरतं तेव्हा पेशी लहान होतात. हे मला पाठ होतं, तरी बोट त्या आकड्यावरून घसरत पुढे गेलं. क्षयाच्या तपासण्यांत बारा दिवस गेले, सगळ्या निगेटिव्ह. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त वाढलं नाही.

मे महिन्यात सोलापूरनं घोटाळा केला. पारा ४३ वर. अण्णांना तहान लागायची, लघवीला सारखं जावं लागायचं, पोट साफ होत नव्हतं, उलटी व्हायची आणि दुपारी गुंगीत बडबडायचे. सगळे म्हणाले, ऊन लागलं. कांद्याचा रस झाला, कोकम झालं. ही सगळी लक्षणं रक्तातलं कॅल्शियम वाढल्याचीही असतात. उन्हाळ्याच्या सोलापुरात ती ओळखायला डोळा लागतो. तो डोळा किडनीच्या डॉक्टरांचा निघाला. किडनी बिघडली की वाढणारं क्रिएटिनिन २.८ आलं म्हणून त्यांच्याकडे पाठवलं होतं. त्यांनी वेदनाशामक गोळ्या त्याच मिनिटाला बंद केल्या, सलाईन लावून दाखल करून घेतलं आणि दोन साध्या तपासण्या वाढवल्या. कॅल्शियम ११.६, म्हणजे वाढलेलं. एकूण प्रथिनं ११.२, त्यात अल्ब्युमिन फक्त २.९. उरलेली ८.३ ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं ज्यात मोडतात तो प्रथिनांचा गट.

निरोगी माणसात अल्ब्युमिन जास्त असतं आणि ग्लोब्युलिन कमी. इथे पारडं पूर्ण उलटलेलं होतं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: ‘मायलोमा? हिमॅटॉलॉजी किंवा मेडिकल ऑन्कॉलॉजीचा सल्ला तातडीने.’

मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. या पेशींचं काम प्रतिपिंडं बनवणं. त्यातली एक जात बेफाम वाढते आणि एकाच साच्यातलं प्रथिन ओतत राहते. हाडं पोखरली जातात, त्यातलं कॅल्शियम रक्तात येतं. मज्जेत जागा उरत नाही, म्हणून रक्त कमी होतं. प्रथिनाचे तुकडे किडनीच्या नळ्यांत अडकतात. कंबर, अशक्तपणा, किडनी अशा तीन तक्रारी घेऊन माणूस तीन दारं फिरतो आणि प्रत्येक दारात आपापल्या तक्रारीचं उत्तर मिळतं. जुनी काचपट्टी लॅबमधून मागवून मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटलेल्या. मार्चमध्ये मी फक्त कागद बघितला होता, काच नाही.

इथून खरा शोध सुरू झाला. अण्णा वॉर्डात आणि आम्ही बाहेर.

घरच्यांनी चिठ्ठीतला ‘ऑन्को’ एवढा तुकडा वाचला आणि ज्या बोर्डावर ‘कॅन्सर’ दिसलं तिथे गेले. ते कॅन्सरचे शल्यचिकित्सक निघाले. माणूस सरळ. कागद बघून म्हणाले, ‘हे माझं काम नाही. यात कापायचं काही नाही.’ पण त्यांची वेळ मिळायला दोन दिवस गेले होते. नंतर कुणीतरी ‘रक्ततज्ज्ञ’ म्हणून ज्यांचं नाव दिलं, ते एमडी पॅथॉलॉजी होते. ते रक्ताचा आजार ओळखतात, औषध देत नाहीत. याचं मला नवल वाटलं नाही. आयुष्यभर लोकांनी मलाच विचारलंय, ‘साहेब, रिपोर्ट तुम्हीच केलाय, गोळी पण तुम्हीच द्या की.’

त्या रात्री ओट्यावर बसून मी लेकीला तिच्याच हिशेबाच्या वहीत लिहून दिलं. एमसीएच सर्जिकल ऑन्कॉलॉजी म्हणजे गाठ कापणारे. एमडी रेडिओथेरपी म्हणजे किरणोपचार देणारे. डीएम मेडिकल ऑन्कॉलॉजी म्हणजे औषधांनी कॅन्सर हाताळणारे, रक्ताचे कॅन्सरही त्यात येतात. डीएम हिमॅटॉलॉजी म्हणजे रक्ताचे सगळे आजार, कॅन्सर असो वा नसो. मायलोमाला शेवटच्या दोघांपैकी कुणीही चालतो. डीएम ही पदवी एमडीनंतरच्या तीन वर्षांची असते. तिच्याऐवजी डीएनबी किंवा आता डीआरएनबी असंही लिहिलेलं असतं. बोर्डावर ‘कॅन्सर तज्ज्ञ’ एवढंच असेल तर खालची बारीक अक्षरं वाचायची. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर घालून बघता येतो. लेकीनं तीन नावं बघितली. एकाची पदवी बोर्डावर होती तशी नोंदीत दिसेना, ते नाव तिनं रेघ मारून खोडलं. त्यामागे काय कारण असेल ते असो, वाद घालायला आमच्याकडे वेळ नव्हता.

पदव्यांपेक्षा अवघड होते नातेवाईक. सोलापूर असं गाव आहे की चारही दिशांना मोठी इस्पितळं आहेत आणि प्रत्येक दिशेला एक पाहुणा आहे. अक्कांचे भाऊ हैदराबादला. ते फोनवर म्हणाले, इकडं आणा, भाषेची अडचण नाही, राहायला घर आहे. जावयाचे चुलते पुण्याचे. विडी कारखान्यातले युनियनवाले म्हणाले, टाटाशिवाय दुसरीकडं जाऊच नका. शेजारच्या बाईंच्या दिराला बार्शीला गुण आला होता. अक्का वॉर्डाच्या दारात बसून म्हणाल्या, ‘सगळेच वेगळंवेगळं सांगालेत. माणूस एकच आहे की माझा.’

एकेक दिशा तपासली. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे, मुंबई चारशेच्या वर. अण्णांचा मणका चेपलेला, कॅल्शियम चढलेलं, किडनी दमलेली. असा माणूस गाडीत किंवा रेल्वेत हलवणं हाच मोठा धोका होता. हैदराबादचा मोह खरा होता, कारण अण्णा घाबरले की फक्त तेलुगूत बोलतात. पण महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्राची. हैदराबादच्या काउंटरवर ती चालेल असं धरून निघणं म्हणजे जुगार. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय सत्तर किलोमीटरवर. बार्शीच्या कामाबद्दल मला आदर आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथूनच सुरू झाली. मणक्याच्या दुखण्यासाठी किरणोपचार लागले तर बार्शीला जायचं, असं वहीत लिहून ठेवलं. टाटा मेमोरियलचं नाव १९४१ पासून आहे आणि ते कमावलेलं आहे. पण रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरून दर आठवड्याला पोटात एक इंजेक्शन घेणं, असं सहा महिने चालवणारं घर मी बघितलेलं नाही.

कागद दाखवून सल्ला मुंबईचा घ्यायचा आणि सुई सोलापुरात टोचायची, हा माझा आग्रह होता. त्यावर अण्णांचे मेहुणे माझ्यावर चिडले. ‘लॅबवाल्याचं ऐकून माणूस घालवाल,’ असं म्हणाले. मार्चमधला माझा सल्ला त्यांना माहीत होता, त्यामुळे मला उलट बोलता येईना. शेवटी लेकीनंच तोडगा काढला. तिनं दोन डॉक्टर शोधायचं ठरवलं, एक आजाराचा आराखडा ठरवणारा आणि एक रात्री दोन वाजता ताप आला तर उचलणारा. हे दोघे एकच निघाले तर उत्तम, नाहीतर दोघांत बोलणं असलं पाहिजे.

मग तिनं फोन लावले. डॉक्टर थेट भेटत नाहीत, फोन सहायकच उचलतात. तिचे प्रश्न ठरलेले होते. बोनमॅरो, म्हणजे अस्थिमज्जेचा नमुना काढून करायची तपासणी, तुमच्याकडे होते का आणि ती काच कोण बघतं? मायलोमाचे सध्या किती रुग्ण तुमच्याकडे इंजेक्शनला येतात? डे-केअर, म्हणजे इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी घरी जायची सोय, फुले योजनेत आहे का? डॉक्टर गावात नसतील तेव्हा ताप आला तर कुणाला फोन करायचा? पुण्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या एका मोठ्या डॉक्टरांच्या सहायकानं पहिल्या तीन प्रश्नांना छान उत्तरं दिली आणि चौथ्याला म्हणाला, ‘मग सिव्हिलला न्या.’ उत्तर प्रामाणिक होतं. आमच्यासाठी मात्र तिथेच ते नाव संपलं. महिन्याला एकदा येणारे तज्ज्ञ सोलापूरसारख्या गावाला मोठा आधार आहेत, पण ज्याचं औषधच आठवड्याला आहे त्याला मधले तीन आठवडे सांभाळणारा गावातला माणूस लागतो.

चिठ्ठी मिळाल्यापासून नवव्या दिवशी सोलापुरातच राहणारे एक डीएम मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट वॉर्डात येऊन अण्णांना बघून गेले. हे नाव कुठून मिळालं तर किडनीच्या डॉक्टरांकडूनच. आम्ही त्यांना एवढंच विचारलं होतं, ‘तुमच्या सख्ख्या भावाला हे झालं असतं तर तुम्ही कुणाला फोन केला असता?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मधले आठ दिवस आम्ही पाहुण्यांना विचारत बसलो.

बोनमॅरोला अण्णांनी साफ नकार दिला. गल्लीत ठाम समज आहे की पाठीतून पाणी काढलं की पाय जातात. बोनमॅरोचा आणि त्या पाण्याचा काही संबंध नाही. सुई कण्यात घालत नाहीत, कमरेच्या मागच्या खुब्याच्या हाडात घालतात; तिथे मज्जारज्जू नसतोच. जागा बधिर करतात, अर्ध्या तासात आटोपतं. मज्जा ओढताना क्षणभर आतून खेचल्यासारखी कळ येते, ती बधिर होत नाही. हे आधीच सांगावं, नाहीतर रुग्णाचा विश्वास तिथेच उडतो. मी माझी स्वतःची कंबर वळवून अण्णांना जागा दाखवली. त्यांनी चाचपून बघितलं आणि म्हणाले, ‘कण्यापासून एवढं लांब आहे व्हय!’ मग तयार झाले.

डॉक्टरांनी क्रम नीट लावला: सकाळी मॅरो, संध्याकाळी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. किडनी वाचवायची तर थांबायला वेळ नव्हता, आणि स्टेरॉइड आधी दिलं तर चित्र धूसर होतं. दोन दिवसांनी आकडा आला: मज्जेत प्लाझ्मा पेशी ४८ टक्के. निदानाला १० पुरतात. रक्तातली प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात एकच उंच सुळका. डोक्याच्या एक्स-रेत कवटीला पंचिंग मशीननं पाडल्यासारखी गोल भोकं. हैदराबादच्या पाहुण्यांनी हाडांच्या स्कॅनचा हट्ट धरला होता. त्यांना सांगावं लागलं की मायलोमाची भोकं त्या स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतच नाहीत, कारण तो स्कॅन हाड नव्यानं बनतं तिथे उजळतो, आणि इथे हाड फक्त खाल्लं जात होतं.

उपचार तिहेरी होता. आठवड्याला पोटाच्या कातडीखाली बोर्टेझोमिब, सोबत सायक्लोफॉस्फामाइड आणि डेक्सामेथासोन. नेहमी देतात ती लेनालिडोमाइडची कॅप्सूल किडनीमुळे मागे ठेवली. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोविर रोज. हाडांचं झोलेड्रोनिक आम्ल किडनी सावरेपर्यंत थांबवलं, आणि त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन दोन किडके दात काढून घ्यायला सांगितले. कारण ते औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड चिघळू शकतं. मला हे ठाऊक नव्हतं.

दुसरं मत घेतलं, तेही घरी बसून. टाटा मेमोरियल आणि देशातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं असलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली ‘नव्या’ नावाची ऑनलाइन सेवा आहे. लेकीनं सगळे रिपोर्ट स्कॅन करून चढवले. इथे एक गोष्ट कामाला आली. मॅरोचा रिपोर्ट हातात पडला की घरची माणसं निघून येतात. पण काचपट्ट्या आणि नमुना ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळाही लॅबकडून मागता येतो, त्यावर रुग्णाचा हक्क असतो. दुसरीकडे गेलात की पहिला प्रश्न तोच येतो. लॅबमध्ये काम केलेला माणूस म्हणून सांगतो, दोन वर्षांनी मागायला गेलात तर कपाटं शोधण्यात दिवस जातो. त्याच आठवड्यात सही करून घेऊन या. मुंबईचं मत आलं: सुरू आहे ते बरोबर, किडनी सुधारली की औषध बदला, आणि प्रत्यारोपणाचा विचार आत्तापासून मनात ठेवा. मेहुण्यांना त्याची प्रत पाठवली. त्यांचा फोन आला नाही, पण जुलैत ते स्वतः येऊन अण्णांपाशी तीन दिवस राहून गेले.

पैशाचं थोडक्यात. फुले योजनेची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. शिधापत्रिका, आधार आणि इस्पितळात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र या तिघांची गाठ पहिल्याच दिवशी घालावी. आमच्याकडे शिधापत्रिकेतल्या आणि आधारमधल्या नावात एका अक्षराचा फरक निघाला, तेलुगू नाव मराठीत लिहिताना होतो तसा. त्यात चार दिवस गेले. पूर्व भागातल्या निम्म्या घरांत हा फरक असणार. आजारी पडायच्या आधी बघून ठेवा.

ऑगस्टमध्ये एका रात्री ताप १०१ आला. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलेलं होतं: १००.४ च्या वर गेला की क्रोसीन देऊन सकाळची वाट बघायची नाही. लेकीनं फोन लावला, पलीकडून उचलला गेला, पाऊण तासात अँटिबायोटिकची पहिली सलाईन चालू होती. न्यूमोनिया निघाला, पाच दिवसांत घरी. चौथ्या प्रश्नाचा उपयोग त्या रात्री झाला.

त्याच सुमारास कुणीतरी पपईच्या पानांचा रस आणि कसलीशी काळी पूड आणून दिली, ‘पेशी वाढतात’ म्हणून. अण्णांचा आजारच नको त्या पेशी वाढल्याचा होता. त्यात पुडीत काय धातू असेल कुणास ठाऊक आणि किडनी नुकतीच सावरत होती. अक्कांनी पूड तुळशीत टाकली. तुळस अजून आहे, असं त्या हसत सांगतात.

सोळा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.८, क्रिएटिनिन १.३, कॅल्शियम जागेवर. आलेखातला सुळका ६.१ ग्रॅमवरून ०.४ वर. पावलांना मुंग्या येतात, त्या बोर्टेझोमिबच्या. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. मणका चेपलेला तो चेपलेलाच राहणार, अण्णा थोडे बुटके झालेत. आता स्वतःच्याच मूळपेशी काढून, मोठी औषधं देऊन त्या परत सोडायच्या, म्हणजे ऑटोलॉगस प्रत्यारोपण. हे सोलापुरात करायचं नाही, असं डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं आणि खारघरच्या टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्राला पत्र दिलं. ‘ते तीन-चार आठवड्यांचं काम त्यांचं, पुढचं पुन्हा माझं,’ असं म्हणाले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, थर्ड एसी. कॅन्सरच्या उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला पाऊण सूट. त्याचा छापील फॉर्म डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी लागतो, तो लेकीनं दोन प्रतींत भरून घेतलाय. अण्णांचा एकच प्रश्न आहे, संक्रांतीला परत येता येईल का. डॉक्टर म्हणाले, आलात तरी गर्दीत उभं राहायचं नाही. मग नंदीध्वजाच्या वाटेवरच्या एका ओळखीच्या घराची गच्ची विचारून ठेवली आहे. काचपट्ट्यांचा डबा फुटू नये म्हणून अक्कांनी तो अण्णांच्या मागावरच्या जुन्या टॉवेलात बांधला. मी गाठ सोडून डब्यावरचा नंबर रिपोर्टशी दोनदा ताडून बघितला आणि परत बांधून दिला.